दोन्हीकडे नाव, ओळख कुठेच नाही

प्रिय ताई,

मी ज्युनियर आहे, म्हणजे अकरावीत. आम्ही सिएटलच्या पूर्वेला राहतो. मी सातवीत असताना ठाण्याहून इथे आलो. या सप्टेंबरपासून मी रनिंग स्टार्टमध्ये, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजात शिकायच्या राज्याच्या सोयीत आहे आणि सगळे विषय कम्युनिटी कॉलेजातच घेते. अभ्यास जमतोय. पण क्लास संपला की पाच मिनिटांत सगळे पांगतात. दोन क्लासच्या मधले दोन तास मी लायब्ररीत कोपऱ्यातल्या टेबलावर डबा खात काढते. क्लब फेअरला गेले होते. तीन टेबलांवर ईमेल लिहून आले, नंतर कुठेच गेले नाही. एका स्टडी ग्रुपमध्ये मी सोळा वर्षांची आहे असं सांगितलं तर सगळे गप्पच झाले. शाळेत गेले की मैत्रिणी कशावर हसतात तेच मला कळत नाही. बाबा म्हणतात, तू तिथे क्रेडिट घ्यायला जातेस, क्लास कर आणि घरी ये, क्लब वगैरे युनिव्हर्सिटीत गेल्यावर कर. आईला वाटतं की तिथे सगळे मोठे आहेत, जपून राहा. मला कॉलेजात कशात तरी भाग घ्यायचाय. पण मी खरंच कॉलेजची विद्यार्थिनी आहे का? आणि शाळेचा नाद सोडून द्यावा का?

— दोन्हीकडची पाहुणी


प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. हो, तू कॉलेजची खरी विद्यार्थिनी आहेस. आणि शाळेचा नाद पूर्ण सोडू नकोस.

पहिलं उत्तर मी तुला नुसता धीर द्यायला दिलेलं नाही. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने १९९० साली कायदा करून रनिंग स्टार्टची वाट खुली केली. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी कॉलेजात जाऊन शिकावं, त्यांची ट्यूशन राज्याने भरावी आणि मिळालेलं क्रेडिट शाळा आणि कॉलेज या दोघांनीही मोजावं, अशी ती सोय आहे. कॉलेजचे ५ क्रेडिट म्हणजे शाळेचं १. वर्गात तुझ्यासाठी वेगळा बाक नाही, सोपा पेपर नाही, वयाची सवलत नाही. जी ग्रेड मिळेल ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते. जबाबदारी सगळी कॉलेजच्या विद्यार्थिनीची, मग हक्काच्या वेळी मात्र शाळेची मुलगी, असं का असावं?

आणि फीचं बघ. ट्यूशन माफ असली तरी पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च आणि कॉलेजची सक्तीची फी बहुतेक घरांना भरावी लागते. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना ही फी माफ होऊ शकते. बाबांनी भरलेलं बिल एकदा काढून वाच. त्यात तुझं नाव कॉलेजची विद्यार्थिनी म्हणूनच आहे. क्लबच्या मीटिंगमधला पिझ्झा, नाटकाचा पडदा, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा खर्च हे सगळं कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीच असतं. तू त्यांच्यातलीच एक आहेस. तेव्हा त्या खोलीत शिरताना कुणाची परवानगी घ्यायची आहे असं वाटून घेऊ नकोस.

आता तुझ्या एकटेपणाकडे येते. मी गेली बरीच वर्षं कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करण्याचं काम करते, आणि तू जे लिहिलं आहेस ते मला जवळजवळ रोज ऐकू येतं. फक्त रनिंग स्टार्टच्या मुलांकडून नाही. चौतिशीतल्या बाईकडून येतं, सैन्यातून परतलेल्या मुलाकडून येतं, नुकत्याच या देशात आलेल्या माणसाकडून येतं. कम्युनिटी कॉलेजची घडणच तशी आहे. बहुतेकांचं घर कॉलेजबाहेर, कुणाची तीन वाजता शिफ्ट, कुणाचं मूल पाळणाघरात. क्वार्टर, म्हणजे कॉलेजचं एक सत्र, जेमतेम अकरा आठवड्यांचं, त्यातला शेवटचा परीक्षेत जातो. शेजारी बसणाऱ्याचं नाव पाठ होईपर्यंत वर्ग बदलतो. म्हणून पाच मिनिटांत सगळे पांगतात. तुझ्याशी बोलायचं नसतं म्हणून ते जात नाहीत. लायब्ररीतल्या त्या मजल्यावर तुझ्यासारखे आणखी चारपाच जण रोज एकटे डबा खात असतील. नजर वर केलीस तर दिसतील.

शाळेत याची सवय लागत नाही. तिथे सहा-सात तास तीच तोंडं, तीच घंटा, तोच डब्याचा टेबल. मैत्री करायला वेगळे कष्ट पडत नाहीत, ती सहवासातून होते. कॉलेजात हा सहवास कुणी आयता देत नाही. तो तुला ठरवून उभा करावा लागेल, आणि त्याचा माझ्या माहितीतला एकच भरवशाचा मार्ग आहे: दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांबरोबर, एखादं छोटं काम.

यातला काम हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. क्लब फेअरमध्ये ईमेल लिहून येणं वाईट नाही, पण त्याने कुणी कुणाचं होत नाही. त्या यादीत दोनशे नावं असतात. पहिल्या मीटिंगला त्यातले पंधरावीस येतात, दुसऱ्या मीटिंगला आठ. जे आठ जण दुसऱ्यांदा येतात त्यांच्याकडेच कामं जातात, आणि ज्यांच्याकडे काम असतं त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक होतात. नुसतं बसायला गेलीस तर कोपऱ्यात बसून परत येशील, आणि "मला जमत नाही" एवढाच निष्कर्ष घरी घेऊन जाशील. त्याऐवजी जाऊन म्हण, "मी मीटिंगचं टिपण लिहिते." प्रत्येक क्लबला टिपण लिहिणारं माणूस हवं असतं आणि कुणालाच ते करायचं नसतं. टिपण लिहायचं म्हणजे कोण काय म्हणालं ते विचारावं लागतं, नावाचं स्पेलिंग विचारावं लागतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवावं लागतं. तीन आठवड्यांत त्या खोलीतला प्रत्येक जण तुला नावाने हाक मारू लागेल.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे एक मुलगी होती, तुझ्याच वयाची, बोलायला फार संकोची. क्लबच्या पहिल्या मीटिंगमध्ये ओळख करून देण्याचे जे खेळ असतात, त्यांचीच तिला धास्ती. ती फूड पँट्रीत जाऊ लागली. बऱ्याच कॉलेजांत अशी एक खोली असते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी महिनाअखेर चणचण असते, ते तिथून फुकट शिधा नेतात. तिचं काम काय, तर आठवड्यातून एकदा दुपारच्या मोकळ्या तासात डब्यांवरच्या तारखा बघायच्या, जुने पुढे आणि नवे मागे लावायचे, आणि काय संपलं ते फळ्यावर लिहायचं. राजमा, टोमॅटोचे डबे, पास्ता, बाळांचे डायपर. पहिले काही दिवस ती मान खाली घालून तारखाच बघत होती. मग शेजारी काम करणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारलं, मसूर कुणी का नेत नाही? ही म्हणाली, कसा करायचा ते माहीत नसेल म्हणून. दोघींनी मिळून एका कागदावर मसुराच्या आमटीची कृती लिहिली, साहित्य फक्त त्या कपाटातलं, आणि ती पाकिटांच्या शेजारी चिकटवली. पुढच्या आठवड्यात मसूर संपला. ती नर्सिंगची विद्यार्थिनी पस्तिशीची होती, दोन मुलांची आई. वयात एवढं अंतर, पण त्यांच्यात बोलायला एक विषय होता, आणि तेवढं पुरलं. हातात काम असलं की बोलण्याचं ओझं उतरतं. संकोची माणसाला तर याहून चांगली जागा नाही.

तुझ्या कॉलेजात काय काय आहे ते स्टुडंट प्रोग्रॅम्स किंवा स्टुडंट लाइफ नावाच्या ऑफिसात कळेल. तिथे जाऊन सरळ विचार, "दुपारी कोणते क्लब भेटतात, आणि कुणाला माणसं कमी पडतायत?" दुसरा प्रश्न विसरू नकोस. ज्यांना माणसं कमी पडतायत ते तुला आनंदाने घेतील. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र असेल तर तिथे दर अंकाला बातम्या हव्याच असतात. नाटक बसत असेल तर बॅकस्टेजला कपडे, प्रॉपर्टी, प्रॉम्प्टिंग. एखादा विषय तुझा पक्का असेल तर ट्यूटरिंग सेंटरमध्ये विचार. त्यासाठी तो कोर्स चांगल्या ग्रेडने झालेला असावा लागतो, म्हणून ते पुढच्या क्वार्टरचं काम. विद्यार्थी संघटनेच्या काही पदांना अमुक इतके क्रेडिट पूर्ण हवेत अशा अटी असतात, आणि रात्रीच्या मुक्कामाची सहल असेल तर अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागते. कॉलेजच्या संघातून खेळायचं मनात असेल तर आधी ऍथलेटिक्स ऑफिसात नियम विचार, कारण शाळेत असलेल्यांसाठी ते वेगळे असतात. बाकी बहुतेक दारं उघडी आहेत.

निवडायचं मात्र एकच. दोन नाही, चार तर नाहीच. याचं कारण वेळ आहे. १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण १५ तास वर्ग, आणि प्रत्येक तासामागे दोन तास घरचा अभ्यास धरायची कॉलेजची रीत आहे. झाले ४५ तास. त्यावर दोन-तीन तास सहज मावतात, दहा मावत नाहीत. सहाव्या-सातव्या आठवड्यात मिडटर्म, पेपर आणि क्लबचा कार्यक्रम एकाच वेळी येतात आणि मुलं क्लास ड्रॉप करायला माझ्याकडे येतात, तेव्हा पाच क्लबची यादी बघून मला फार वाईट वाटतं. एखादी गोष्ट आवडते की नाही हे पहिल्या भेटीत ठरवू नकोस. सलग चार वेळा जा. चौथ्या वेळेनंतरही परतताना जड वाटलं तर खुशाल सोड, दुसरी धर.

वयाचं काय करायचं? लपवू नकोस, आणि सांगायची घाईही करू नकोस. त्या स्टडी ग्रुपमधली शांतता तुला जशी वाटली तशी नसावी. बहुतेक मोठ्या माणसांना सोळा वर्षांच्या मुलीसमोर काय बोलावं ते पटकन सुचत नाही. आपण मघाशी काही भलतं तर बोललो नाही ना, याचा ते विचार करत असतात. "मी रनिंग स्टार्टमध्ये आहे" एवढं साधेपणाने सांग आणि लगेच कामावर ये, "तिसऱ्या गणितात मी अडकले, तुमचं काय आलं?" आपल्या भागात रनिंग स्टार्ट सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या वर्गात तुझ्यासारखे आणखी दोघंतिघं नक्की असतील, आणि तेही वय लपवून बसले असतील. तू उघड सांगितलंस तर त्यांचा जीव भांड्यात पडेल.

आईची काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती बरोबर बोलते आहे. कॉलेजात तुझ्याभोवती सगळे सज्ञान आहेत. त्यांच्यातले बहुतेक चांगलेच असतील, तरी काही सीमा तू आधीच आखून ठेव, म्हणजे ऐनवेळी विचार करत बसावं लागणार नाही. तुझा सहभाग कॅम्पसवर, दिवसा आणि चारचौघांत. कुणाच्या अपार्टमेंटवर अभ्यासाला नाही, क्लबनंतर बारमध्ये जेवायला नाही, अनोळखी गाडीत लिफ्ट नाही. अठरा वर्षांपर्यंत मेट्रो आणि साउंड ट्रान्झिट या इथल्या दोन्ही सार्वजनिक वाहतूक सेवा फुकट आहेत, २०२२च्या सप्टेंबरपासून. कार्ड जवळ ठेव, म्हणजे घरी येण्यासाठी कुणाचे उपकार नकोत. कुणी मोठा मुलगा अभ्यासाच्या बाहेर फार लक्ष देऊ लागला, एकट्याने भेटायला बोलावू लागला, किंवा "घरी सांगू नकोस" म्हणाला, तर ते त्याच दिवशी आईला सांग आणि क्लबच्या सल्लागार प्राध्यापकांनाही सांग. प्रत्येक अधिकृत क्लबला असा एक सल्लागार असतो. त्यांचं नाव आणि खोली आधीच माहीत करून घे.

आता बाबा. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना एक गोष्ट विचार: "बाबा, तुम्ही अकरावीत कुठे होता?" महाराष्ट्रात शिकले असतील तर दहावीनंतर तेही कॉलेजातच गेले असतील. ज्युनियर कॉलेज म्हणायचं, पण बहुतेक ठिकाणी इमारत तीच, कट्टा तोच, कँटीन तेच, आणि पदवीचे विद्यार्थी शेजारच्या वर्गात. सोळाव्या वर्षी तिथे पोरं गॅदरिंगच्या मांडवाला हात लावायची, एकांकिकेच्या तालमीला बसायची. सिनियरांसाठी चहा आणता आणता एखाद्याला छोटी भूमिका मिळायची. भित्तिपत्रकात पहिली कविता लागायची. त्या वयात कॉलेजात मिसळणं आपल्या घरांना मुळीच नवं नाही. अमेरिकेत आल्यावर ते अचानक परकं वाटू लागलं, एवढंच. बाबांना सांगू दे त्या दिवसांबद्दल. मला जवळजवळ खात्री आहे की त्यांना गणिताच्या तासापेक्षा त्या तालमीतली माणसं जास्त आठवतील. ते आठवत असतानाच तुझं म्हणणं मांड.

त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, तेही मान्य कर. रनिंग स्टार्टमुळे घराचा मोठा खर्च वाचतो. ९० क्रेडिटची असोसिएट डिग्री, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी, बारावी संपताना हातात असणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्या संधीचं सोनं व्हावं असं बापाला वाटणारच. पण "क्लब युनिव्हर्सिटीत गेल्यावर" यात एक अडचण आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन रनिंग स्टार्टच्या मुलांचा अर्ज शाळेतून थेट येणाऱ्यांसारखा, फ्रेशमन म्हणूनच बघते, क्रेडिट कितीही असले तरी. म्हणजे बारावीच्या सुरुवातीला तू अर्ज भरशील तेव्हा ग्रेडबरोबर तू काय काय केलंस हेही विचारलं जाईल. कॉमन ऍप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणारा प्रवेशाचा सामाईक अर्ज, त्यात उपक्रमांसाठी १० जागा असतात. त्यातली एक जरी खरी भरली, म्हणजे "दीड वर्ष दर आठवड्याला पँट्री सांभाळली" अशी, तर वाचणाऱ्याला ती सहा अर्धवट नोंदींपेक्षा जास्त सांगून जाते. तरी माझी कळकळीची विनंती: अर्जासाठी म्हणून क्लब निवडू नकोस. ते काम पाचव्या आठवड्यात सुटतं, नेहमीच.

बाबांशी एक करार कर. मिडटर्मनंतर ग्रेड तू स्वतः त्यांना दाखवशील, आणि एखादा विषय घसरला तर त्या क्वार्टरपुरता क्लब बंद. याला एक कारण आहे, जे इथल्या अनेक मराठी पालकांना उशिरा कळतं आणि फार लागतं. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४चा एक संघीय कायदा आहे, फर्पा. शाळेत असेपर्यंत नोंदी बघण्याचा हक्क पालकांचा. मूल कॉलेजात शिकू लागलं की कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, वय सोळा असलं तरी. बाबांनी प्राध्यापकांना फोन केला तर प्राध्यापक तुझ्याबद्दल बोलायचं टाळतील. बाबांना तो अपमान वाटेल, प्राध्यापकांना अडचण होईल आणि मधे तू सापडशील. तसं होण्याआधी वेळापत्रक, ग्रेड, क्लबची वेळ, सल्लागारांचं नाव हे सगळं तूच उघडपणे घरी सांग. प्राध्यापकांना ईमेल लिहायचं असेल तर ते तू लिही. आईबाबांचा विश्वास त्यातूनच बसतो, आणि तो बसला की क्लबबद्दलचा वादही मिटतो.

प्राध्यापकांवरून आठवलं. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांना भेटायला जी वेळ ठेवतात तेव्हा, जा. कॅम्पस लाइफ म्हटलं की मुलांना क्लबच आठवतात, पण प्राध्यापकांच्या खोलीतली पंधरा मिनिटं ही कॉलेजची सगळ्यात न वापरली जाणारी सोय आहे. अडलेलंच घेऊन जायला हवं असं नाही. "तुम्ही वर्गात अमुक म्हणालात, त्यावर आणखी काय वाचू?" एवढा प्रश्न पुरतो. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा आणि मिडटर्मनंतर एकदा. पुढे कुठे शिफारसपत्र लागलं तर ज्यांनी तुला ग्रेडपलीकडे ओळखलं असे प्राध्यापक असतील. आणि डिपार्टमेंटमध्ये कोणती व्याख्यानं, कोणते प्रकल्प चालू आहेत ते क्लब फेअरमध्ये कळत नाही, इथे कळतं.

आता शाळा. तुझं नाव अजून तिथेच आहे, पदवीदान तिथेच होणार आहे, आणि पूर्णवेळ कॉलेजात जाणाऱ्यांनाही शाळेच्या क्लबमध्ये, बँडमध्ये, संघात राहता येतं. खेळाची पात्रताही शाळेकडेच राहते. अडचण फक्त वेळापत्रकाची. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, कॉलेजचं फॉल क्वार्टर महिनाअखेरीला. ते तीन आठवडे तुझ्या मैत्रिणी रोज भेटत होत्या, नवी गुपितं करत होत्या, आणि तू घरी होतीस. तू कॉलेजात रुळेपर्यंत त्यांचं वर्ष सुरू होऊन गेलेलं होतं. वसंतातल्या सुट्ट्याही जुळत नाहीत. म्हणून तुला त्यांचे विनोद कळत नाहीत. त्या बदलल्या नाहीत आणि तूही मोठी शहाणी झालेली नाहीस. शाळेच्या घोषणा आता तुझ्या कानावर पडत नाहीत, तेव्हा वर्गाचं बुलेटिन ईमेलवर मागून घे, नाहीतर फोटोची तारीख, प्रॉमची तिकिटं, कॅप-गाऊनची ऑर्डर हे सगळं हुकतं.

शाळेतही एकच धागा धर. दर शुक्रवारी एका मैत्रिणीबरोबर शाळेच्या टेबलावर डबा खायचा, किंवा आधीपासून ज्या एका क्लबमध्ये होतीस तो चालू ठेवायचा. तिथे गेल्यावर कॉलेजातले प्राध्यापक कसे, तिथलं स्वातंत्र्य कसं, हे फार सांगू नकोस. त्यांना विचार. त्यांचं केमिस्ट्रीचं काय झालं, होमकमिंगला कोण कुणाबरोबर गेलं, ड्रायव्हिंग टेस्ट कुणाची राहिली. तुझं काय चाललंय ते त्या विचारतील तेव्हा सांग. आणि एखादी मैत्रीण या वर्षात मागे पडलीच, तर त्यात तुझी चूक शोधत बसू नकोस. सोळाव्या वर्षी हे शाळेतच राहणाऱ्यांच्याही वाट्याला येतं.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांची अशीच मुलं दुसऱ्या राज्यात शिकतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. मिनेसोटाने १९८५ साली, सगळ्यांच्या आधी, राज्यभर ही सोय केली आणि तिथे पुस्तकांचा खर्चही विद्यार्थ्यांवर पडत नाही. काही ठिकाणी कॉलेजचे कोर्स शाळेच्याच वर्गात शाळेचेच शिक्षक शिकवतात. मग मूल कॅम्पसवर जातच नाही, आणि तिथे उपक्रमांचा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो: आमच्या मुलीला कॉलेजचं ओळखपत्र मिळतं का, लायब्ररी वापरता येते का, क्लबमध्ये जाता येतं का? पुष्कळदा उत्तर हो असतं, कुणी विचारत नाही एवढंच.

आता पाहुणीबाई, तुझ्यापुढच्या काही आठवड्यांचं बघू. हे क्वार्टर संपत आलं असेल तर आत्ता क्लब धरू नकोस, फायनल्स नीट दे. या आठवड्यात फक्त एक काम: स्टुडंट प्रोग्रॅम्सच्या ऑफिसात जाऊन ते दोन प्रश्न विचार आणि हिवाळी क्वार्टरमध्ये भेटणाऱ्या दोन गटांची वेळ लिहून आण. विषयांची नोंदणी करताना त्यातली एक वेळ मोकळी राहील असं वेळापत्रक लाव. दोन क्लासच्या मधली ती दोन तासांची फट, जी तुला आत्ता नकोशी झाली आहे, ती बुजवू नकोस. बहुतेक गट दुपारी त्याच सुमारास भेटतात. वाट्याला आलेली ती सगळ्यात कामाची वेळ आहे.

दर क्वार्टरला रनिंग स्टार्टच्या फॉर्मवर शाळेच्या काउन्सेलरची सही लागते. तो फॉर्म नुसता ईमेलने पाठवू नकोस. वेळ घेऊन समोर जा, दहा मिनिटं बस, कॉलेजात काय चाललंय ते सांग. पुढच्या वर्षी तुझ्या अर्जांसोबत शाळेची माहिती आणि शिफारस त्याच पाठवणार आहेत, आणि वर्षभरात त्यांना तू दिसलीच नाहीस तर त्या लिहिणार काय? त्याच फेरीत ऑफिसात बुलेटिनच्या यादीत नाव घालून ये आणि शक्य झालं तर शुक्रवारी जा, म्हणजे मैत्रिणींबरोबरचा डबाही होईल.

जानेवारीत पहिल्या मीटिंगला जाशील तेव्हा वही आणि पेन घेऊन जा. टिपण कोण लिहितंय असं कुणी विचारलं की लगेच हात वर कर.

— तुझी ताई